पिंजरा लावा म्हणणाऱ्यांशी बोलायला कोण गेलं? बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या बिबट्यांचं प्रकरण

कोणाला तरी गच्चीवरून बिबट्या दिसतो, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतो आणि अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, फॉरेस्टवाल्यांना सांगा, पिंजरा लावा. मी बोरिवली ईस्टला वाढले, त्यामुळे हा मेसेज मी किती वेळा वाचलाय याचा हिशोबच नाही. आणि तो लिहिणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, घरात लहान पोर असेल तर भीती वाटणारच. पण पिंजरा लावल्यावर पुढे नेमकं काय होतं, आणि आपल्या पार्कमध्ये पिंजऱ्याशिवाय दुसरं काय काय करून बघितलं गेलं, हे एकदा सलग लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी एका ग्रुपबरोबर व्हॉलंटियर म्हणून पाड्यांवर जायचे, अजून जमेल तसं जाते, तिथे जे बघितलं तेही यात येईल.

आधी जागा कशी आहे ते बघा, कारण सगळं प्रकरण जागेचंच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आत कान्हेरी लेणी, तुळशी आणि विहार तलाव. एका बाजूला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड, भांडुप, ठाणे, वर घोडबंदर रोड, आणि खाली गोरेगावला पार्कला चिकटून आरे, म्हणजे सरकारी दुग्धवसाहत. म्हणजे जंगल मध्ये आणि सगळ्या बाजूंनी शहर, तेही मुंबईसारखं. पार्कच्या आत वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, चुनापाडा, नवापाडा, रावणपाडा, आणि आरेत म्हणाल तर सत्तावीस पाडे. हे लोक कुठून येऊन बसलेले नाहीत, नॅशनल पार्क हा शब्द इथे यायच्या कितीतरी आधीपासून ते इथे राहतायत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००४ आणि त्याच्या आधीचं

२००२ पासून पार्कच्या कडेला बिबट्याचे हल्ले वाढत चालले होते आणि २००४ च्या जूनमध्ये तर रांगच लागली. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी सातनंतर खाली खेळायला बंदी, एवढंच आम्हाला कळायचं. जे गेले त्यात बरीच लहान मुलं होती, आणि बहुतेक सगळे पाड्यांतले किंवा कडेच्या झोपडपट्टीतले. टॉवरमधलं कोणी नव्हतं. पेपरात रोज 'नरभक्षक' हा शब्द, रोज पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो, आणि वनखात्यावर इतकं प्रेशर की दिसेल तिथे पिंजरे लागत होते.

बिबटे का चवताळले याची तेव्हा लोक दोन उत्तरं द्यायचे. एक म्हणजे जंगलात खायला उरलं नाही. दुसरं, लोकांनी अतिक्रमण केलं. दुसऱ्यात तथ्य होतंच, १९९७ साली हायकोर्टाने पार्कमधली अतिक्रमणं काढायचा आदेश दिला होता आणि पुढची काही वर्षं हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पण एक तिसरी गोष्ट होती जिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. पिंजऱ्यात सापडलेले बिबटे नंतर सोडायचे कुठे? तर कुठल्यातरी जंगलात, आणि त्यात आपलं पार्कही होतं, म्हणजे भलतीकडचे बिबटे आणून इथे सोडले गेले होते.

यातला घोटाळा समजायला जुन्नरचं उदाहरण बघावं लागतं. जुन्नर म्हणजे ऊस, आणि उसात बिबट्या. तिथे २००१ च्या सुमारास बिबटे पकडून लांब सोडायचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी आधीच्या आणि नंतरच्या हल्ल्यांची नोंद मांडली, तर आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे ते १७ झाले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. म्हणजे लोकांना सुरक्षित करायला जे केलं त्यानेच लोक जास्त मेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन आकडे तपासले होते.

कारण शांतपणे विचार केला तर पटतं. बिबट्याचा स्वतःचा इलाका असतो. तो माहीत असलेल्या वाटांनी, माहीत असलेल्या वेळी फिरतो, कुठे माणसं जागी असतात आणि कुठला कुत्रा कुठे झोपतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तर तो वर्षानुवर्षं आपल्या पायाखाली राहून आपल्याला दिसत नाही. त्याला उचलून पन्नास किलोमीटरवर टाकलं की तो घाबरलेला, अनोळखी जागेत, पिंजऱ्यात धडका मारून दात मोडलेला असतो, आणि बरेचदा परत घरी यायला निघतो, वाटेत जी गावं लागतील ती लागतील. आणि इकडे त्याची जागा रिकामी झाली की महिन्या दोन महिन्यांत दुसरा येऊन बसतो, बहुधा तरुण, नवखा, ज्याला इथली काहीच माहिती नाही. आणि पकडून नेलेली जर मादी असेल आणि पिल्लं मागे राहिली असतील तर आणखी वाईट, शिकार धड न शिकलेली पिल्लं वस्तीजवळ भटकायला लागतात.

'आजोबा' नावाचा बिबट्या अनेकांना माहीत असेल. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला सापडला, कुठे फिरतो ते कळावं म्हणून गळ्यात कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, आणि तो चालत चालत साधारण १२० किलोमीटर येऊन मुंबईच्या पार्कमध्ये पोचला. वाटेत हायवे, रेल्वे, वसईची खाडी. कोणाला ओरखडाही काढला नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबाद हायवेवर गाडीखाली गेला.

मग बोलायला सुरुवात झाली

२०११ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात उगाच पकडून दुसरीकडे सोडू नका हे स्पष्ट आलं. त्याच वर्षी पार्कचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये आणि विद्या अत्रेय यांच्या पुढाकाराने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा प्रकल्प सुरू झाला. नाव मोठं आहे पण काम ऐकायला अगदी साधं वाटतं, वेगवेगळ्या लोकांशी जाऊन बोलायचं. अभ्यासक, वनखात्याचे लोक आणि आपल्यासारखे व्हॉलंटियर असे मिळून.

पत्रकारांपासून सुरुवात केली हे मला आजही फार शहाणपणाचं वाटतं, कारण पिंजऱ्याचं प्रेशर बातमीतून तयार होत होतं. मराठी पेपरात लिहायचे, बिबट्या वस्तीत 'शिरला', 'घुसला', 'धुमाकूळ घातला'. आता जो प्राणी त्या ओढ्यातून रोज रात्री जातो तो घुसला कसा? कार्यशाळांमध्ये पत्रकारांसमोर आकडे ठेवले, बिबट्याचं वागणं समजावलं, बिबट्या दिसणं ही हल्ल्याची बातमी नाही हे सांगितलं. हळूहळू बातम्यांची भाषा बदलली. सगळ्यांची नाही आणि चॅनेलवाल्यांची तर फारच कमी, पण काही पत्रकार इतके तयार झाले की घटना घडल्यावर तेच विचारायला लागले, इथे कचरा किती दिवस पडून आहे?

दुसरे पोलीस. बिबट्या एखाद्या चाळीत किंवा शाळेत अडकला की खरा धोका गर्दीचा असतो, हजारभर माणसं, मोबाईल उंचावलेले, कोणी दगड मारतोय, मग तो प्राणी जीव वाचवायला ज्याच्या अंगावर पडेल त्याच्यावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी हेडलाईन येते बिबट्याचा हल्ला. बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं तरी औषध चढायला काही मिनिटं जातात, तेवढा वेळ शांतता लागते. हे पोलिसांना आधीच माहीत असलं तर ते पहिली पंधरा मिनिटं गर्दी मागे हटवण्यात घालवतात, आणि रेस्क्यू टीम आपलं काम करू शकते. एवढ्या एका गोष्टीने किती जीव वाचले असतील, दोन्ही बाजूंचे, ते मोजता येत नाही.

तिसरी महापालिका, कारण कचरा. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं. कचऱ्याचा ढीग म्हणजे भटकी कुत्री, डुकरं, आणि कुत्री म्हणजे बिबट्याचं जेवण. पार्कात चितळ, सांबर आहेत, बिबटे ते खातातच, म्हणजे उपाशी मरतात म्हणून बाहेर येतात हे खरं नाही, पण कडेला इतकं सोपं खाणं ठेवलं असेल तर तो येणार. २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात अंदाज होता की पार्कचे बिबटे वर्षाला १५०० च्या आसपास कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या साधारण हजार घटना टळतात. त्या आकड्याची मजा वाटून तो फॉरवर्ड करणारे खूप भेटले, पण त्याचा अर्थ असाही होतो की आपण कडेला दरवर्षी बिबट्यासाठी १५०० कुत्री पोसतोय, आपल्या कचऱ्यावर, आणि ती जिथे झोपतात तिथेच पाड्यातली पोरंही खेळतात.

पाड्यावर

आता पाड्यांबद्दल, म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त पणाला लागलेलं आहे त्यांच्याबद्दल.

मी पहिल्यांदा पाड्यावर गेले तेव्हा हातात चार्ट होता, रात्री एकटं फिरू नका, मोबाईलवर गाणी लावून चाला, टॉर्च घ्या, बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, त्याला जायला वाट द्या. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बाई, वाघाला वाट द्यायची हे तू आम्हाला सांगतेस का. (त्या बिबट्याला वाघच म्हणतात, बहुतेक सगळे तसंच म्हणतात.) मग त्यांनी मला पाड्याच्या कडेला नेऊन वाघोबा दाखवला. शेंदूर लावलेला, वर चंद्र सूर्य कोरलेले. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, त्याची पूजा होते, कोंबडं दिलं जातं, आणि मागणं एवढंच की तू तुझ्या वाटेने जा, आम्हाला आमच्या वाटेने जाऊ दे, पोरंबाळं आणि गुरं सांभाळ.

२०२१ मध्ये वारली आणि वाघोबावर एक चांगला अभ्यास छापून आला, मुंबई, पालघर, ठाणे या भागात दीडशेच्या वर वाघोबाची ठाणी अभ्यासकांनी नोंदवलीत. त्यांचं म्हणणं असं की बिबट्याने शेळी नेली तरी ती सोसायची ताकद या नात्यातून येते, नुकसानभरपाईचा फॉर्म भरायच्या कितीतरी आधीपासून. मला एवढंच जोडायचंय की या नात्यावर सगळा भार टाकून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. शेळी गेली तर पैसे वेळेवर मिळायलाच पाहिजेत, वाघोबा मानतात म्हणून काय नुकसान कमी होत नाही.

आणि त्या दिवशी चार्ट गुंडाळून ठेवल्यावर खरं बोलणं झालं. मावशी म्हणाल्या, संडास नाही. पहाटे अंधारात बायका बाहेर जातात, पोरं जातात. आता विचार करा, बिबट्याच्या नजरेने बघितलं तर उभा माणूस उंच, त्याच्या वाटेला तो जात नाही. पण उकिडवा बसलेला माणूस किंवा लहान मूल म्हणजे कुत्र्याएवढ्या उंचीचं काहीतरी, झाडोऱ्याच्या आड, अंधारात. हल्ल्यांच्या घटना वाचल्या तर परत परत हेच दिसतं, लहान मूल एकटं अंगणात, किंवा कोणीतरी अंधारात बाहेर गेलेलं. म्हणजे वाड्यापाड्यातला संडास, नळ आणि रस्त्यावरचा दिवा ही वन्यजीव संरक्षणाची कामं आहेत. पण ती वनखात्याच्या हातात नाहीत, महापालिका म्हणते जागा वनखात्याची, आरेत म्हणाल तर दुग्धविकासवाले वेगळेच, आणि पार्कमध्ये कायदा असा की नवीन बांधकाम नको. या तिघांच्या मध्ये पाडा.

काय झालं त्याने

२००४ सारखं वर्ष परत आलं नाही. बाहेरचे बिबटे आणून सोडणं थांबलं याचं श्रेय मी सगळ्यात आधी देईन, कारण हल्ले कमी व्हायला सुरुवात २०११ च्या आधीच झाली होती, आणि प्रकल्पामुळेच सगळं झालं असं म्हणणं चूक होईल. प्रकल्पाने जे केलं ते वेगळं आहे, पिंजऱ्याचं प्रेशर कमी करून वनखात्याला काही न करण्याची मुभा मिळवून दिली. बिबट्या दिसला आणि खातं पिंजरा न लावता माणसं पाठवून लोकांशी बोलून परत आलं, हे २००४ मध्ये कोणी खपवून घेतलं नसतं. आता हॅलो फॉरेस्ट या वनखात्याच्या हेल्पलाईनला, १९२६ वर, फोन केला की बरेचदा हेच होतं.

आणि बिबटे कमी झाले म्हणून हल्ले कमी झाले असंही नाही. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या गणनेत २०११ मध्ये २१ बिबटे ओळखले होते, २०१५ मध्ये ३५, २०१८ मध्ये ४७. बिबट्यांची इतकी दाटी जगात फार कमी ठिकाणी आहे. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे घटना घडली तर आता निदान कुठला बिबट्या हे शोधता येतं, पूर्वीसारखं हाताला लागेल तो आत टाकायची गरज उरत नाही. २०२१ मध्ये पाच बिबट्यांना कॉलर लावल्या, सावित्री, महाराजा, जीवन, तुळशी आणि क्रांती, त्यातला महाराजा तर रेल्वे लाईन ओलांडून तुंगारेश्वरच्या जंगलाकडे गेला. कॉलरच्या नोंदी बघताना मला फार जाणवलं की आपण झोपलेले असतो तेव्हा हे किती शांतपणे आपल्याला टाळत असतात.

पण यशोगाथा म्हणून हे लिहायला माझा हात धजत नाही, कारण आरे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे एकामागे एक हल्ले झाले. काठीने बिबट्याला हाकलणाऱ्या आजींचा सीसीटीव्ही व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, शूर आजी म्हणून फिरला, पण रात्री घराच्या ओट्यावर काठी टेकत बसलेल्या बाईवर ही वेळ का आली हे फारसं कोणी विचारलं नाही. २०२२ च्या दिवाळीत आरेतच दीड वर्षाचीही नसलेली एक मुलगी गेली. त्या वेळी पिंजरे लावले गेले आणि ते मला चूक वाटत नाही. एक विशिष्ट जनावर माणसावर वारंवार येत असेल तर त्याला पकडायलाच हवं, आणि ज्या आईचं लेकरू गेलंय तिच्यासमोर उभं राहून सहजीवनाचं भाषण देणारा मी तरी अजून बघितला नाही, आणि कोणी देऊही नये. फरक इतकाच की तेव्हा दिसेल तो बिबट्या पकडायचे आणि आता कॅमेरे लावून, ओळख पटवून पकडायचा प्रयत्न होतो.

आरेतली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन म्हणून जाहीर झाली, पार्कला जोडली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण जमीन वनखात्याकडे गेली की पाड्यातल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण १९९७ नंतरचं त्यांनी बघितलंय किंवा आईबापांकडून ऐकलंय. मेट्रो कारशेडच्या वेळी आरेतल्या ज्या झाडांसाठी आपण मोर्चे काढले ती झाडं सांभाळणाऱ्यांनाच उद्या अतिक्रमणवाले म्हटलं गेलं तर वाघोबाला शेंदूर लावायला कोण उरणार? जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्याखाली त्यांचे दावे नीट ऐकले जायला हवेत. ज्यांना हाकलायची भीती घातलीय त्यांच्याकडूनच बिबट्याला सांभाळून घ्यायची अपेक्षा धरायची, हे फार दिवस चालणार नाही असं मला वाटतं, आणि पाड्यावर बसून बोललं तर कोणालाही वाटेल.

मावशींकडे मी गेल्या पावसाळ्यानंतर परत गेले होते. या वेळी चार्ट नेला नव्हता, अर्जाची कॉपी नेली होती. संडास आणि तीन दिव्यांसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज केला होता, एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरून त्याच्यावर बरेच शिक्के पडलेत. संडासाचं अजून काही नाही. ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर खांब मात्र उभा राहिलाय, नवा, अजून दिवा बसायचाय. त्याच वाटेच्या चिखलात पंजाचा ठसा होता, मावशींनी पायाने त्याच्या कडेने रेघ ओढून दाखवला, म्हणाल्या परवाचा आहे, मादी आहे, पिल्लू सोबत आहे बहुतेक, म्हणून सांजेला पोरांना आतच ठेवतोय आम्ही महिनाभर.